०.४५ व्होल्टची पायरी: एका अ‍ॅडियाबॅटिक अ‍ॅडरच्या प्रोजेक्टचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण आमच्या लॅबमधल्या एका एम.टेक.च्या मुलीचं आहे. कॉलेजचं नाव, तिचं नाव, गाईड मॅडमचं नाव काही देत नाही, त्याची गरजही नाही. मी तेव्हा व्हीएलएसआय (चिप डिझाइनची) लॅब बघायचो आणि सिम्युलेशनमध्ये मुलं अडकली की माझ्याकडे यायची, त्यामुळे हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यासमोर घडलं. लिहायचं कारण एवढंच की अ‍ॅडियाबॅटिक लॉजिकवर (गेटमध्ये घातलेली एनर्जी परत घेणारी सर्किट) दरवर्षी कितीतरी प्रोजेक्ट होतात, बहुतेकांचा शेवट "९० टक्के पॉवर वाचली" असा होतो, आणि त्या ९० टक्क्यात नक्की काय मोजलं आणि काय मोजायचं राहिलं हे कोणी सांगत नाही. इथे ते उघडं पडलं, आणि पडलं ते बरंच झालं.

पार्श्वभूमी

मुलीच्या घरी द्राक्षबाग. बागेत जमिनीचा ओलावा मोजणारे सेन्सर लावलेले आणि त्यांच्या बॅटऱ्या बदलून वडील वैतागलेले. तिच्या डोक्यात पक्कं होतं की असा चिप ब्लॉक करायचा जो बॅटरीला हातच लावणार नाही. मॅडमनी विषय सुचवला, अ‍ॅडियाबॅटिक लॉजिक, कमी व्होल्टेजवर, बेरीज करणारा ८ बिटचा अ‍ॅडर. विषय चांगलाच होता, आजही मी तसंच म्हणेन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या सीमॉस गेटमध्ये (नेहमीच्या चिपमधलं गेट, वर पीमॉस ट्रान्झिस्टर, खाली एनमॉस) आउटपुटचा कपॅसिटर सप्लायवरून एकदम चार्ज होतो. सप्लायमधून सीव्ही वर्ग (कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग) एवढी एनर्जी निघते, त्यातली अर्धी कपॅसिटरमध्ये बसते, अर्धी वरच्या पीमॉसच्या रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जाते, आणि पुढे आउटपुट शून्य झालं की बसलेली अर्धी पण खालच्या एनमॉसमधून जमिनीत. ट्रान्झिस्टर मोठा करा, छोटा करा, या हिशोबात फरक पडत नाही. उंचावरच्या टाकीतून खाली ठेवलेल्या बादलीत धो धो पाणी सोडल्यासारखं आहे, बादली भरते पण उंचीचं सगळं वाया जातं.

अ‍ॅडियाबॅटिकमध्ये सप्लायच हळूहळू वर चढवायचा. आउटपुट त्याच्या मागोमाग चढतं, ट्रान्झिस्टरवर कुठल्याच क्षणी जास्त व्होल्टेज पडत नाही, म्हणून नुकसान होतं ते आरसी भागिले टी गुणिले सीव्ही वर्ग एवढंच, आरसी म्हणजे रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, टी म्हणजे चढायला दिलेला वेळ. वेळ दुप्पट द्या, नुकसान निम्मं. मग सप्लाय खाली उतरवताना कपॅसिटरमधली एनर्जी परत सप्लायकडे येते. हा चढउतार करणारा सप्लाय म्हणजे पॉवर क्लॉक. कल्पना जुनी आहे, लँडॉअरचं काम १९६१ चं, बेनेटचं १९७३ चं, आणि सीमॉसमध्ये प्रत्यक्ष वापरायच्या फॅमिली १९९० च्या दशकात आल्या. तिने त्यातली ईसीआरएल घेतली, १९९६ ची. दोन पीमॉस एकमेकांना उलटसुलट जोडलेले, खाली एनमॉसची दोन झाडं, आउटपुट आणि त्याचं उलटं दोन्ही मिळतात. चार फेजचा पॉवर क्लॉक लागतो, चढणं, थांबणं, उतरणं, रिकामं राहणं, आणि प्रत्येक गेट मागच्या गेटपेक्षा पाव सायकल मागे.

प्रोसेस १८० नॅनोमीटर, नेहमीचं व्होल्टेज १.८. थ्रेशोल्ड, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं व्होल्टेज, ढोबळ ०.४५ व्होल्ट धरू.

अडचण

प्रोजेक्टच्या पहिल्या टप्प्याचं (फेज १) प्रेझेंटेशन झालं तेव्हा तिच्या स्लाईडवर ९५ टक्के बचत होती. सगळे खूश. बाहेरून आलेल्या एक्झामिनर सरांनी एकच प्रश्न विचारला, तो मला अजून शब्दशः आठवतो, "बाई, ही परत आलेली एनर्जी तुमच्या सर्किटमध्ये जाते कुठे?"

ती म्हणाली, "सर, सप्लायमध्ये."

"सप्लाय कुठला?"

आणि ती गप्प झाली. कारण सप्लाय म्हणजे स्पाइसमधला (सर्किट सिम्युलेटरमधला) आयडियल व्होल्टेज सोर्स होता, ज्याच्यात कितीही करंट उलटा ढकला, तो एक शब्द न बोलता गिळतो आणि शंभर टक्के परत जमा दाखवतो. खऱ्या चिपमध्ये असा सोर्स नसतो. बॅटरी चढउतार करत नाही. ते काम करणारं सर्किट आपणच बनवायचं असतं, आणि ते काय खातं याचा आकडा रिपोर्टमध्ये कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी ती लॅबमध्ये आली, डोळे लाल. मी म्हटलं आपण पहिल्यापासून मोजू, जे निघेल ते निघेल.

पहिल्या तासाभरातच तीन चुका सापडल्या आणि तिन्ही अशा होत्या की कुणाच्याही हातून होतील. एक, एनर्जी मोजताना विंडो अर्धवट सायकलची होती, त्यामुळे एका रनमध्ये तर एनर्जी निगेटिव्ह आली होती आणि तिने तो आकडा गुपचूप सोडून दिला होता. व्होल्टेज गुणिले करंटचा इंटिग्रल पूर्ण सायकलींवरच घ्यायचा, सुरुवातीच्या दोन चार सायकली सोडून, आणि सोर्समधल्या करंटचं स्पाइसमधलं चिन्ह उलटं असतं हे लक्षात ठेवून. दोन, गेटला इनपुट पण आयडियल सोर्समधून दिलेले, म्हणजे इनपुटचा गेट कपॅसिटन्स चार्ज करायची एनर्जी फुकट मिळाली. टेस्टबेंचमध्ये पुढे दोन आणि मागे दोन ईसीआरएल बफर (आलेला सिग्नल तसाच पुढे देणारे गेट) लावलेच पाहिजेत. तिसरी चूक सगळ्यात मोठी, ती तुलनेची होती. तिने सीमॉसचं आउटपुट प्रत्येक सायकलला पूर्ण चढून पूर्ण उतरतं असं धरलं होतं.

आता हा हिशोब कागदावर करून बघा, आम्ही पण आधी कागदावरच केला. एका आउटपुटवर २० फेम्टोफॅरड लोड (फेम्टो म्हणजे १० चा उणे १५ वा घात). १.८ व्होल्टला सीव्ही वर्ग होतो ६४.८ फेम्टोज्यूल. पण डेटा रँडम असेल तर सीमॉसचं आउटपुट शून्यावरून एक व्हायची शक्यता पाव, म्हणजे सरासरी सायकलला १६.२. ईसीआरएलचं गणित वेगळं. तिथे आउटपुट आणि उलटं आउटपुट यातलं एक दर सायकलला चढतंच, डेटा बदलो न बदलो. रेझिस्टन्स १० किलोओहम धरला तर आरसी ०.२ नॅनोसेकंद, १० मेगाहर्ट्झला पाव सायकल २५ नॅनोसेकंद, चढताना आणि उतरताना मिळून नुकसान साधारण १ फेम्टोज्यूल.

आणि इथे ती पायरी येते.

वेव्हफॉर्म मोठा करून बघितला की दिसते. पॉवर क्लॉक खाली उतरतो, आउटपुट त्याच्यासोबत छान उतरत जातं, आणि ०.४५ च्या आसपास अचानक आडवं होतं. क्लॉक शून्यावर गेला तरी आउटपुट तिथेच लटकून. कारण पीमॉस तिथे बंद होतो, परतीचा रस्ताच बंद. पुढच्या सायकलला डेटा पलटला तर हा उरलेला चार्ज एनमॉसमधून धाडकन जमिनीत जातो, आणि दुसऱ्या बाजूचं आउटपुट शून्यावरून ०.४५ पर्यंत उडी मारतं. दोन्ही मिळून सी गुणिले थ्रेशोल्डचा वर्ग, म्हणजे ४ फेम्टोज्यूल, रँडम डेटाला सरासरी २. हे नुकसान कितीही हळू चालवलं तरी कमी होत नाही. वेळ कितीही द्या, २ म्हणजे २.

म्हणजे एकूण ३.१ विरुद्ध १६.२. बचत ८१ टक्के. ९५ नाही, पण ८१ सुद्धा वाईट नाही ना? मुलीच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. मग मी म्हटलं, आता व्होल्टेज कमी कर, कारण तुझ्या विषयाच्या नावातच लो व्होल्टेज आहे.

१ व्होल्टला सीमॉस ५ फेम्टोज्यूलवर येतो, व्होल्टेजच्या वर्गाने खाली. ईसीआरएलचे ते २ तसेच राहतात, कारण ते सप्लायवर नाही, थ्रेशोल्डवर अवलंबून. वर कमी व्होल्टेजमुळे ट्रान्झिस्टरचा रेझिस्टन्स वाढतो, २५ किलोओहम धरला तर चढउताराचं नुकसान ०.८. बेरीज २.८, बचत ४४ टक्के. ०.८ व्होल्टला सीमॉस ३.२, आणि ५० किलोओहम धरले तर ईसीआरएल ३.० च्या थोडं वर. संपलं. आणि साधा सीमॉस ०.६ व्होल्टवर नेला तर १.८ फेम्टोज्यूल, म्हणजे ईसीआरएलच्या त्या न हलणाऱ्या २ च्याही खाली.

मला वाटतं या विषयात सगळ्यात कमी बोललं जाणारं हेच आहे. लो व्होल्टेज आणि अ‍ॅडियाबॅटिक या दोन बचती वेगवेगळ्या खात्यातून येत नाहीत. दोघांची कमाई त्याच सीव्ही वर्गातून. व्होल्टेज खाली आणलं की वाचवायला उरतंच कमी, आणि थ्रेशोल्डची पायरी मात्र आहे तेवढीच. रिपोर्टच्या पहिल्या पानावर लँडॉअरची मर्यादा (एक बिट पुसायला लागणारी किमान एनर्जी) लिहायची पद्धत आहे, खोलीच्या तापमानाला साधारण २.९ गुणिले १० चा उणे २१ वा घात ज्यूल. आपली पायरी त्याच्या सुमारे ७ लाख पट आहे. त्या मर्यादेशी आपलं भांडणच नाही, आपलं भांडण ०.४५ व्होल्टशी आहे.

अ‍ॅडर म्हणून बघितलं तेव्हा

अजून एक धक्का राहिला होता. एका गेटचं गणित आणि पूर्ण अ‍ॅडरचं गणित यात फरक पडतो तो बफरमुळे. ईसीआरएलमध्ये प्रत्येक गेट म्हणजे पाइपलाइनची एक पायरी, डेटा पाव सायकलच टिकतो, थांबून राहत नाही. तिचा अ‍ॅडर रिपल कॅरीचा होता, म्हणजे हातचा (कॅरी) एकेका बिटाने पुढे सरकणारा. कॅरी एका बिटातून दुसऱ्या बिटात जाईपर्यंत पुढच्या बिटांचे इनपुट थांबवायला लागतात, थांबवायचे म्हणजे बफरांची रांग. ८ बिटांना ए चे २८ बफर, बी चे २८, आणि लवकर तयार झालेल्या बेरजा शेवटच्या बिटापर्यंत धरून ठेवायला अजून २८. एकूण ८४ बफर, आणि खरं काम करणारे गेट फक्त १६! ही गोष्ट स्किमॅटिक काढताना तिच्या लक्षात आली होती पण मोजली नव्हती, कारण एनर्जी फक्त फुल अ‍ॅडरच्या सेलची काढून ८ ने गुणली होती.

कोगे स्टोन (हातचे समांतर काढणारी रचना) केला तर बरं पडतं. ५० च्या आसपास गेट, ३३ च्या आसपास बफर, आणि ८ ऐवजी ५ फेजमध्ये उत्तर. सीमॉसमध्ये कोगे स्टोन म्हणजे एरिया खाणारा म्हणून मुलं टाळतात, इथे उलट तोच काटकसरीचा. (मागचं पुढचं सर्किट पण तिरकं पाइपलाइन केलेलं असेल तर रिपलचे बरेच बफर वाचतात, पण तिच्याकडे मागेपुढे काहीच नव्हतं, नुसता अ‍ॅडर.)

तर १ व्होल्टला ५० सीमॉस गेट गुणिले ५, म्हणजे २५० फेम्टोज्यूल. ८३ ईसीआरएल सेल गुणिले २.८, म्हणजे २३२. ४४ टक्क्याची बचत बफरांनी खाऊन ७ वर आणली. आणि अजून पॉवर क्लॉक बनवणाऱ्या सर्किटचा एक पैसा धरलेला नाही.

तो धरायला गेलो तर काय झालं बघा. एनर्जी परत घ्यायची तर एलसी रेझोनन्स लागतो, कॉइल आणि सर्किटचा कपॅसिटन्स एकमेकांकडे एनर्जी झुलवत ठेवतात. ८३ सेलचा कपॅसिटन्स चार फेजमध्ये वाटला तर एका फेजला ०.४ पिकोफॅरड. १० मेगाहर्ट्झला याच्यासोबत रेझोनन्स करायला कॉइल लागते ६०० मायक्रोहेन्रीच्या वर. चिपवर काही नॅनोहेन्री बसतात. मग कॉइल चिपबाहेर ठेवा, तर पॅडचाच (चिपमधून तार बाहेर काढायच्या जागेचा) कपॅसिटन्स काही पिकोफॅरड, म्हणजे ज्या सर्किटला झुलवायचंय त्याच्या दसपट तो पॅड झुलणार. ५ पिकोफॅरड पॅड, १ व्होल्ट आणि क्यू (कॉइलचा दर्जा दाखवणारा आकडा) २० धरून एका फेजचं नुकसान सायकलला २०० फेम्टोज्यूलच्या जवळ, चार फेजचे पावणेआठशे. वाचवत होतो २५० उणे २३२, म्हणजे १८.

मी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

समोर असलेले पर्याय

फेज २ ला पाच महिने होते. मॅडम, ती आणि मी बसलो. प्रत्येक पर्याय खरंच मनापासून तोलला, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात सोपा पर्याय होता काहीच न बदलणं. १.८ व्होल्टवर राहायचं, आयडियल सोर्स ठेवायचा, तळटीप टाकायची की क्लॉक जनरेटर धरलेला नाही. असे पेपर छापून येतात, डिग्री मिळाली असती. तिनेच नाही म्हटलं. "सर, बागेत लावायचं म्हटलं तर बॅटरी उलट लवकर संपेल." यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

दुसरा, कॉइल नको म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी चार्जिंग. सप्लाय एकदम १.८ वर न नेता चार टप्प्यांत न्यायचा, मधल्या टप्प्यांना मोठे कपॅसिटर. एन टप्पे केले तर नुकसान एन पट कमी, हे १९९४ पासून माहीत आहे आणि कॉइल लागत नाही, म्हणून मला हा फार आवडला होता. पण चार टप्प्यांना ६४.८ भागिले ४, उत्तर १६.२. सीमॉसचा रँडम डेटाचा आकडा काय होता? १६.२. म्हणजे शून्य फायदा, कारण ड्युअल रेल (आउटपुट आणि त्याचं उलटं अशी जोडी) दर सायकलला चढतंच. आठ टप्पे केले तर निम्मं, पण स्विच वाढतात आणि त्या स्विचचे गेट चालवायला पुन्हा साधी सीमॉसची एनर्जी.

तिसरा, पूर्ण रिव्हर्सिबल लॉजिक, जिथे पायरीच राहत नाही कारण उरलेला चार्ज उलट दिशेच्या लॉजिकने काढून घेता येतो. तत्त्व म्हणून सुंदर आहे. पण प्रत्येक ब्लॉकला त्याचा उलटा ब्लॉक, पाच महिन्यांत एका मुलीने करायचं काम नाही.

चौथा, अ‍ॅडियाबॅटिक सोडून द्यायचं आणि ०.६ व्होल्टवर सीमॉस करायचा. खरं सांगायचं तर ओलाव्याच्या सेन्सरसाठी हेच बरोबर उत्तर आहे. दर काही मिनिटांनी जागं व्हायचं, थोडी बेरीज करायची, झोपायचं. डेटा फारसा बदलतही नाही. आणि डेटा न बदलणं सीमॉसला फायद्याचं, अ‍ॅडियाबॅटिकला नाही, कारण त्याचं चढउताराचं नुकसान दर सायकलला ठरलेलंच. दहात एकदाच डेटा पलटतो असं धरलं तर १ व्होल्टला सीमॉस १ फेम्टोज्यूल आणि ईसीआरएल १.२.

पाचवा पर्याय मॅडमनी मांडला. "सर्किट तेच ठेवा, पण ते जिथे शोभतं अशी जागा शोधा. पॉवर क्लॉक बनवायला महाग पडतो ना? मग जिथे तो आयता मिळतो तिथे जा."

काय ठरलं आणि काय केलं

आयता पॉवर क्लॉक म्हणजे कॉन्टॅक्टलेस कार्ड. रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचं फील्ड देतो, कार्डातल्या कॉइलमध्ये साईन वेव्ह येतेच. नेहमीचं कार्ड ती रेक्टिफाय करतं, रेग्युलेट करतं, मग डीसीवर सीमॉस चालवतं. आपण ती साईनच पॉवर क्लॉक म्हणून वापरायची. कॉइल आधीच आहे, तिचं नुकसान कुणीही केलं तरी होणारच आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कार्डात सायफर (माहिती गुप्त करणारी पद्धत) असतो आणि कार्डाचा करंट मोजून किल्ली काढायचे हल्ले होतात. सीमॉसचा करंट डेटावर अवलंबून असतो, म्हणूनच ते जमतं. ड्युअल रेल अ‍ॅडियाबॅटिकमध्ये दर सायकलला एक आउटपुट चढतंच, करंट जवळपास सारखा. जी गोष्ट सेन्सरमध्ये दोष होती तीच इथे गुण.

तर अ‍ॅडर सोडला आणि प्रेझेंट या हलक्या सायफरचा ४ बिटचा एस बॉक्स (४ बिट घेऊन त्यांच्या जागी दुसरे ४ बिट देणारा भाग) घेतला. प्रेझेंट २००७ चा आहे, ६४ बिटचा ब्लॉक, ३१ राउंड, छोट्या हार्डवेअरसाठीच बनवलेला. बॅटरीवाला सेन्सर, ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलं होतं, तो सोडायला तिला फार जड गेलं. दोन दिवस लॅबला आली नाही. मॅडमनी फोन करून सांगितलं की सेन्सरचा हिशोब रिपोर्टमध्ये पूर्ण प्रकरण म्हणून जाईल, लपवायचा नाही, मग आली.

पुढचा निर्णय फेजचा. कॉइलच्या दोन टोकांना शून्य आणि १८० अंश मिळतात, ईसीआरएलला ९० आणि २७० पण लागतात, आणि आरसीने फेज सरकवायची म्हणजे पुन्हा नुकसान. म्हणून फॅमिलीच बदलली, क्लॉक्ड अ‍ॅडियाबॅटिक लॉजिक घेतलं जे एकाच साईनवर चालतं. त्याला सोबत चौकोनी ऑक्झिलरी (मदतीचे) क्लॉक लागतात, याकडे आमचं लक्ष होतं पण वजन कळलं नव्हतं, ते पुढे कळलं.

तिसरा निर्णय त्या पायरीचाच. पायरीचं नुकसान डेटा पलटला तरच होतं हे वर सांगितलं. म्हणजे करंटमध्ये "डेटा पलटला का" ही माहिती थोडी दिसतेच! तिच्या वेव्हफॉर्ममध्ये दोन सायकलींच्या करंटचे शेंडे एकावर एक ठेवले की सुरुवातीला छोटा फरक दिसायचा, तो बरोबर या ०.४५ चा. उपाय दोन. तसंच सोडायचं, सरासरी २ फेम्टोज्यूल. नाहीतर दर सायकलला आउटपुट मुद्दाम शून्यावर आणायचं, मग माहितीची गळती जवळपास जाते पण नुकसान दर वेळी ४. आम्ही दुसरं घेतलं, डिस्चार्ज ट्रान्झिस्टर लावले, आणि त्यांचा सिग्नल वेगळा चौकोनी न बनवता लॉजिकमध्येच मिळणाऱ्या उलट्या वेळेच्या सिग्नलवरून घेतला. एनर्जी वाचवायच्या प्रोजेक्टमध्ये जाणूनबुजून एनर्जी घालवायची हे तिला पटायला वेळ लागला, पण जिथे किल्ली लपवायची आहे तिथे हाच सौदा बरोबर, मला आजही त्यात शंका नाही.

काय निघालं

१.८ व्होल्टच्या साईनवर, १३.५६ मेगाहर्ट्झला, साईन तळापासून माथ्यापर्यंत जायला ३७ नॅनोसेकंद घेते. सरळ रॅम्पपेक्षा साईनमध्ये नुकसान १.२३ पट, तरी चढउताराचं मिळून ०.९ च्या आत. पायरीचे ४. गेटमागे ४.९ फेम्टोज्यूल.

आता तुलना कुणाशी? इथे साधा सीमॉस प्रतिस्पर्धी नाही, कारण तो किल्ली गळतो. प्रतिस्पर्धी म्हणजे डब्ल्यूडीडीएलसारखं सुरक्षित ड्युअल रेल सीमॉस, ज्याच्यात दर सायकलला दोनपैकी एक आउटपुट पूर्ण चढतं आणि पूर्ण उतरतं. म्हणजे ६४.८. फेज १ मध्ये जी तुलना चुकीची ठरली होती तीच इथे बरोबर ठरली!

पण ऑक्झिलरी क्लॉक. २ फेम्टोफॅरडचा एक ट्रान्झिस्टर गेट १.८ व्होल्टला चौकोनी क्लॉकने चढवून उतरवायचा म्हणजे ६.५ फेम्टोज्यूल, सगळ्या लॉजिकच्या ४.९ पेक्षा जास्त. एका गेटमागे सरासरी एवढेच धरले तरी बेरीज ११.४. आणि सुरक्षित सीमॉसला पण कमी व्होल्टेजचा हक्क द्यायला हवा, त्याला १ व्होल्ट दिला की तो २० वर येतो. तर शेवटचा आकडा, जो रिपोर्टच्या पहिल्या पानावर गेला, तो ४३ टक्के, रेक्टिफायर आणि रेग्युलेटरचं नुकसान सीमॉसच्या खात्यात न टाकता. स्पाइसचे आकडे कागदाच्या आसपासच आले, तंतोतंत नाही, ऑक्झिलरीचा वाटा थोडा जास्तच आला.

फायनल व्हायव्हाला योगायोगाने तेच एक्झामिनर सर होते. त्यांनी ९५ ची जुनी स्लाईड आणि ४३ ची नवी स्लाईड शेजारी शेजारी लावायला सांगितल्या, आणि अर्धा तास फक्त मधल्या ५२ टक्क्यांवर चर्चा झाली.

परत करायचं झालं तर

पहिल्या आठवड्यात कागदावरचा हिशोब, सिम्युलेटर उघडायच्या आधी. वर जेवढे आकडे आले ते सगळे चार गुणाकारात निघतात. आम्ही हे डिसेंबरमध्ये केलं, जुलैमध्ये करायला हवं होतं, आणि यात चूक मुलीची नाही, आमची.

पॉवर क्लॉकचा सोर्स पहिल्यापासून खरा ठेवायचा, निदान मालिकेत रेझिस्टर असलेला कॉइल आणि स्विच. मोठ्या ब्लॉकला रेझोनन्सचा खर्च वाटून जातो, छोट्या अ‍ॅडरला कधीच जात नाही. ही कल्पना व्यवहारात चालतच नाही असं म्हणायला नको, एएमडीने २०१२ मध्ये पाईलड्रायव्हर कोरमध्ये रेझोनंट क्लॉक मेश वापरला होता, पण तिथे झुलवायचा कपॅसिटन्स म्हणजे पूर्ण कोरचं क्लॉकचं जाळं होतं, ८३ गेट नव्हते, आणि लॉजिक साधंच होतं.

फॅमिली निवडताना आम्ही फेज मोजले, ऑक्झिलरी सिग्नल मोजले नाहीत. आज मी दोन टोकांवर चालणारी, चौकोनी क्लॉक अजिबात नसलेली रचना आधी बघितली असती. कमी थ्रेशोल्डचे पीमॉस असलेली प्रोसेस मिळाली असती तर पायरी वर्गाने खाली आली असती, ०.३ ला ती निम्म्याच्या खाली जाते, पण लीकेज (बंद ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा करंट) वाढतं आणि हळू चालवायची सोय कमी होते, त्याचा तोल बघायचा राहिला.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कार्ड रीडरच्या जवळ नेलं की साईनची उंची वाढते, लांब नेलं की कमी होते. रेग्युलेटर काढून टाकल्यावर लॉजिकला मिळणारं व्होल्टेज हातातल्या कार्डाच्या अंतरावर हलतं. लिमिटर लावला तर तो एनर्जी खातो आणि साईनचा माथा कापतो. यंदाच्या बॅचमधली दोन मुलं यावर बसली आहेत, त्यांच्या टेस्टबेंचमध्ये सोर्सच्या जागी कॉइल आहे आणि कपलिंग बदलत ठेवलंय, आणि परवा त्यातला एक मला वेव्हफॉर्म दाखवायला आला, उंची १.८ वरून १.२ ला आलेली, आउटपुट वाकडंतिकडं झालेलं, पण ०.४५ ची पायरी जागच्या जागी.